अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

माझे पती कारखान्यात तपासणीच्या टेबलापाशी विजेचा धक्का लागून गेले.

कारखाना म्हणजे साताऱ्याबाहेरची एक पत्र्याची शेड. तिथे कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय बनत. कॉम्प्युटर आमच्यात कोणी पाहिला नव्हता. तो मुंबईत थंड खोलीत राहतो, एवढं ऐकून होतो. त्याला सोसेल तेवढीच वीज पुरवणारी ही पेटी. विजेचा दाब वाढला की तिने आपणहून बंद पडायचं, तारेला तार चिकटली तरी बंद, तापली तरी बंद. ती वेळेवर बंद पडते का, हे पाहायची नोकरी ह्यांची. एवढं जपलेलं लेकरू मी सासर-माहेर दोन्ही घरांत पाहिलं नाही.

शेवटची तपासणी अशी: चालू तार मुद्दाम पेटीच्या पत्र्याला लावायची. वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत धावते आणि फ्यूज उडतो. उडाला की पेटी पास. त्यासाठी शेडमागे कोळसा आणि मीठ भरलेला खड्डा होता. ती तार त्यात पुरलेली. कोरड्या मातीत वीज उतरत नाही, म्हणून तो ओला ठेवावा लागे. हे रोज त्यात बादली ओतत.

ते वर्ष दुष्काळाचं. वीज कोयनेची येई, पाणी टँकरचं. आम्ही शेडलगतच्या चाळीत राहत होतो. तिथल्या बायका हंडे मांडून बसलेल्या असत.

"आवं साहेब, खड्ड्याला किती तहान लागलीया?" एकीने विचारलं.

दुसरी म्हणाली, "त्याला पोरंबाळं हायत गं. आपल्यावाणी न्हाई त्यो."

सगळ्या हसल्या. हेही हसले, आणि बादली तिच्या हंड्यात रिकामी केली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"खड्डा कोरडा पडला तर?" मी विचारलं.

"आत ओल असते गं. माणसांना तरी पिऊ दे."

असा नवरा कादंबरीत शोभतो. मला घरातही आवडला.

त्या दिवशी आत ओल नव्हती. ह्यांनी तार लावली, फ्यूज उडाला नाही. वीज जमिनीत न जाता पत्र्यातच राहिली. अर्थिंगची तार सैल असेल म्हणून ह्यांनी ती चाचपायला हात घातला.

मालक भेटायला आले. "वहिनी, आमचं काम तसं अगदी सुरक्षित," म्हणाले. मी चहा दिला. पेटीत काही दोष निघाला नाही, ती मुंबईला रवाना झाली, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. माझ्या जिवाला केवढा घोर होता तिचा! चाळ म्हणाली, "लय देवमाणूस." देवमाणसांना लवकर जायची खोडच असते.

खड्ड्याला मग रोज दोन बादल्या मिळू लागल्या. त्याच्या कडेने गवत उगवलं. त्या उन्हाळ्यात आमच्या बाजूला तेवढंच हिरवं होतं. त्यावर मात्र कोणी थट्टा केली नाही.

पाऊस पडल्यावर मी सांगलीला माहेरी आले. शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. आई-वडील गेले. आता घरात मी एकटी आहे.