खिशातला गूळ

मंडळी, आज सकाळी नातीच्या शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या. ती पहिली आली. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या, मी गप्प बसलो. घरी येऊन ती रुसली. "आबा, तुम्ही शिट्टी काहून नाही मारली?" घसा बसलाय म्हणालो. खोटं बोललो.

खरं इथे सांगतो. सत्तरच्या दशकात मी इथेच नागपुरात एका मालकाचे घोडे शिकवायचो. त्यातल्या राजाला सवय लावली होती, माझी शिट्टी ऐकली की जागीच थांबायचं, मग गूळ मिळायचा.

कस्तुरचंद पार्कवर मोठी स्पर्धा होती. राजावर मालक स्वतः बसले होते. तो एकेक अडथळा सहज ओलांडत होता.

शेजारचा म्हणाला, "घोडा भारी आहे गा!"

"त्याले म्याच शिकवलं!" मी छाती फुगवून म्हटलं, आणि त्या खुशीत तोंडातून शिट्टी निघून गेली. तीच.

राजा शेवटच्या अडथळ्यापुढे थांबला. मालक पडले. उठून त्यांनी सगळ्यांदेखत त्याला चाबकानं झोडपलं.

मार खातानाही तो कान टवकारून माझ्याकडेच पाहत होता. गूळ माझ्या खिशात होता. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी गर्दीत मागे सरकलो.

नात अजून रुसलेली आहे. हे सांगितलं, तर ती माझ्याकडे कशी पाहील?