आतोबांचा टप

पाण्याविषयी आमच्या आतोबांइतके ज्ञान असलेला आणि पाण्याने त्यांच्याइतका भिजलेला दुसरा मनुष्य साऱ्या पुणे जिल्ह्यात झाला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वलवणचे धरण बांधले गेले तेव्हा ते त्या कामावर ओव्हरसियर होते. धरणाला हजारो माणसांचे हात लागले होते. पण आतोबांच्या तोंडून ऐकले तर ते त्यांनी एकट्याने, फावल्या वेळात बांधल्यासारखे वाटे. "एवढं तळं अडवलंय, एक थेंब पलीकडे जात नाही," असे ते म्हणत आणि म्हणता म्हणता कपाळावरून ओघळणारा थेंब उपरण्याने टिपत. कारण हे वाक्य ते बहुधा स्वतःच्या मोटारीत बसून म्हणत.

ही मोटार त्यांनी पेन्शनीत निघाल्यावर एका पारशी गृहस्थाकडून घेतली होती. तो लोणावळ्याचा बंगला आवरून मुंबईला चालला होता. मोटारीला पितळी भोंगा होता आणि वर घडी करता येणारा कापडी टप. खरेदी मार्चमध्ये झाली. मार्चमध्ये लोणावळ्यात कुठलाच टप गळत नाही. मोटार ताब्यात देताना तो भला माणूस आतोबांचा हात बराच वेळ हातात धरून उभा राहिला आणि त्याचे डोळे पाणावले. आम्हाला ते मोटारीवरचे प्रेम वाटले. ती आतोबांविषयीची करुणा होती, हे जूनमध्ये कळले.

दुसरा कोणी असता तर त्याने सरळ नवा टप शिवून घेतला असता. आतोबांच्या मते ती शरणागती होती. "कापड बदलणं हे शिंप्याचं काम. गळती शोधणं हे ओव्हरसियरचं!" त्यांनी टपाच्या आतून प्रत्येक गळतीभोवती खडूने वर्तुळ काढले, त्याला नंबर दिला आणि एक जाड वही घातली. 'नंबर तीन : संततधार. नंबर पाच : फक्त नैर्ऋत्येचा वारा असताना.' पाहुण्याला मोटारीत बसवण्याआधी ते त्याच्या डोक्याकडे निरखून पाहत. पागोटेवाल्याला ते नंबर तीनखाली बसवत, कारण चांगले पागोटे कार्ल्यापर्यंतचे पाणी सहज पिऊन टाकते असा त्यांचा अनुभव होता. टक्कलवाल्याची जागा पाचखाली. तिथे थेंब पडला की वारा फिरल्याचे तत्काळ कळे. मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत मास्तर होतो आणि जेवायला आत्याकडे असे. मला कायम नंबर एक मिळे. तो सर्वांत मोठा होता. "मास्तर घरचाच आहे," असे त्याचे समर्थन होते.

आमच्या गावात एक रावसाहेब होते. त्यांना पदवी मिळाल्यापासून ते पायी चालणे कमीपणाचे मानत. एकदा भर पावसात आतोबांनी त्यांना स्टेशनावरून मोटारीत घेतले. बाजारपेठेपर्यंत रावसाहेबांनी दम धरला, मग मोटारीच्या आत छत्री उघडली. मोटार, मोटारीला टप, टपाखाली छत्री आणि छत्रीखाली रावसाहेब, असा तो थाट पाहून दोन दुकानदार गादीवरून उठून उभे राहिले. सरकारकडून आणखी मोठी पदवी आली असावी अशी त्यांची समजूत झाली. पुढे एका खड्ड्यात मोटार उसळली आणि छत्रीचे टोक टपातून आरपार गेले. वहीत आठव्या नंबरापुढे आतोबांनी नुसते 'रावसाहेब' एवढेच लिहिले. पुढे "आज रावसाहेब फार गळतायत" हे वाक्य आमच्या घरात इतक्या सहज वापरले जाई, की एकदा ते खुद्द रावसाहेबांच्या सुनेसमोर निघून गेले.

उपायांची तर गणतीच नव्हती. मेण झाले, राळ झाली, जवसाचे तेल झाले. मग आतोबांना आठवले की जुन्या बांधकामात चुन्यात गूळ घालत. गडाच्या भिंतींना जे चालले ते टपाला का चालू नये? त्यांनी चुनागुळाचा लेप टपाला फासला. दुसऱ्या दिवशी सगळ्या वलवणातले मुंगळे टपावर हजर होते, आणि शेजाऱ्यांची गाय मागच्या बाजूने टप चाटत उभी होती. पाऊस आला, चुना वाहून गेला, आणि गळत्यांचे नंबर अकरावर गेले.

आत्या हे सारे पाहत असे आणि तिला जे वाटे ते बोलत असे. "धरण बांधलं म्हणतात, मला तर आता धरणाखालच्या गावांची काळजी वाटते," हे तिचे वाक्य. ती एकादशीला पाण्यावाचून दुसरे फारसे काही घेत नसे. लग्न झाल्यापासून तिची एक एकादशी चुकली नव्हती, बाळंतपणातसुद्धा. आतोबा नेमके त्याच दिवशी तिच्यासमोर बसून कांदेपोहे खात आणि विचारत, "काय हो, देवाला माझे पोहे दिसतायत का तुमचा उपास?" आत्या म्हणे, "त्याला तुमचा टप दिसतोय. तेवढ्यानंच त्याला हसू आवरत नाही."

मग अधिक आषाढ आला. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे. आत्याची एकुलती एक लेक तळेगावला दिलेली, आणि तिचे हे पहिलेच वाण. लोणावळ्याच्या आषाढात अनारसे करणे म्हणजे काय, ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. तांदूळ तीन दिवस भिजवायचे ते ठीक, पण वाळवायचे कुठे? आत्याने ते चुलीच्या उबेला पसरून, रात्रंदिवस राखून वाळवले. तेहतीस अनारसे झाले. एखादा मोडलाच तर असावा म्हणून तिने चौतिसावा केला. द्वादशीला सकाळी वाण द्यायचे, म्हणून एकादशीला निघायचे ठरले.

"मी आगगाडीनं जाणार," आत्या म्हणाली.

आतोबांचा चेहरा असा उतरला की मला पुस्तकात डोके घालावे लागले. "घरात मोटार असताना माझी बायको आगगाडीनं?"

"मोटार आहे, पण मोटारीत पाऊस आहे. अनारसे एकदा ओले झाले की संपले."

"या वेळी नवीन योजना आहे," आतोबा म्हणाले. मग ते उभे राहिले, आणि धरणाच्या कामावर साहेबांसमोर बोलत असतील तशा आवाजात म्हणाले, "एक अनारसा जरी भिजला, तर मोटार विकून टाकीन. पुन्हा नाव काढणार नाही."

आत्याने त्यांच्याकडे पाहिले. ते थट्टा करत नव्हते. "बरं," ती म्हणाली.

नवी योजना म्हणजे पन्हळी. आतोबांनी बांबू उभे चिरून, टपाच्या आतून प्रत्येक गळतीखाली सुतळीने बांधले होते. पाणी अडवायचे नाही, त्याला वाट द्यायची. टपातून आलेले पाणी पन्हळीत पडेल आणि मागच्या बाजूने बाहेर जाईल. अंगणात पातळी मोजायची पाणसळ लावून त्यांनी उतार तपासला होता. घागरभर पाणी ओतून पाहिले तर एक थेंब आत पडला नाही. आत्याने स्वतःहून डबा बाहेर आणला. आतोबांनी डब्यातले चौतीस अनारसे स्वतः मोजले, झाकण लावले, डबा मागे आत्याच्या मांडीवर दिला. मी पुढे, नंबर एकखाली.

कार्ल्यापर्यंत आम्ही कोरडे होतो. आतोबा गाऊ लागले. मग कामशेतच्या खिंडीचा उतार लागला.

आयुष्यभर पाण्याचा उतार पाहिलेल्या माणसाने पाणसळ अंगणात लावली होती. अंगण सपाट होते. उताराला मोटारीने नाक खाली केले, आणि मागे जाणारे अकरा गळत्यांचे पाणी वळून पुढे आले. ते आतोबांच्या आणि माझ्या मानेवर असे कोसळले की तळे फुटल्याची शंका यावी. आतोबांनी कचकन ब्रेक दाबला. मधल्या पन्हळीची मागची सुतळी तुटली, आणि भरलेली पन्हळ मागे, थेट आत्याच्या मांडीवर रिकामी झाली.

रस्त्याच्या कडेला खाचरात भाताची लावणी चालली होती. इरली घेतलेल्या बायका वाकलेल्या होत्या, त्या सरळ झाल्या. बांबूच्या काड्या आणि पळसाची पाने विणलेले ते इरले डोक्यावरून पाठभर उतरते आणि त्याखाली माणूस दिवसभर कोरडा राहतो. त्यातली एक म्हातारी बांधावर येऊन आत डोकावली.

"अगं बया! आबा, भाईर कमी हाय, तुमच्या गाडीतच लय पडतुया की!"

"योजना बरोबर होती," आतोबा म्हणाले. "उतार चुकला."

"व्हय, पर आय भिजली ना! हे घ्या माजं इरलं. परत जाताना हितंच टाकून जा. आमी दोघी एकात मावतो."

"याला शास्त्रीय आधार काय?" आतोबांनी विचारले. ओव्हरसियरची सवय जात नाही.

"आवो, त्याला आदार डोक्याचा! आनि काय लागतंय?" बांधावर हशा उसळला. आतोबाही हसले, पण त्यांचे डोळे डब्यावर होते.

मोटार पुन्हा निघाली. इरले नीट बसले का पाहायला मी थोड्या वेळाने मागे वळलो. इरल्याच्या अंधारात आत्या डबा उघडून बसली होती आणि तिचे तोंड हलत होते. एकादशीच्या दिवशी, तांदळाचा, गुळाचा, भिजलेला अनारसा ती भराभर गिळत होती. तिने माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, पुढं बघ. घाट आहे."

घाट केव्हाच संपला होता. मी पुढे बघितले.

द्वादशीला तबकात अनारसे मांडले गेले. आतोबांनी ते मोजले. मग पुन्हा मोजले. तेहतीस, सगळे कोरडे, कुरकुरीत. "मोटार राहिली!" प्रतिज्ञेची गोष्ट ऐकलेली लेक म्हणाली. मी आतोबांच्या आरोळीची वाट पाहत होतो. ते एवढेच म्हणाले, "हो. राहिली." इरले परत करताना त्यांनी त्याच म्हातारीच्या घरच्यांना मोटारीएवढे इरले विणायला सांगितले. पुढल्या पावसाळ्यात ते पांघरलेली मोटार, म्हणजे जणू पेंढ्यांची रचलेली भाताची उडवी, भोंगा वाजवत लोणावळ्याच्या बाजारातून जाऊ लागली. आत एक थेंब पडत नसे. आणि पुढच्या एकादशीपासून आतोबांनी पोहे सोडून उपास धरला. वय झाले की माणसे वळतात, असे मी मनाशी म्हटले. नास्तिकाची घसरण म्हणून चार ठिकाणी थट्टेने सांगितलेही.

लढाईत पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा मोटार अंगणात थांबली ती थांबलीच. त्यानंतर दोन वर्षांनी आत्या गेली. तिच्यामागच्या पहिल्या पावसाळ्यात मी एकादशीला भेटायला गेलो, तर आतोबा ओसरीवर रिकाम्या पोटी बसले होते. अंगणात मोटारीवरच्या इरल्याची पाने झडून नुसत्या काड्या उरल्या होत्या.

"आता कशाला हो उपास? पोह्यांवरून बोलणारं कोणी राहिलं नाही," मी म्हटले.

"चौतीस होते," ते म्हणाले. "आणि डब्याच्या तळाला एका बाजूला ओल होती. पाणी कुठून आलं आणि कुठं गेलं, एवढं तरी मला कळतं, मास्तर. तिचा एक उपास मोडला, माझ्या टपापायी. तो भरून काढतोय."

मला वाटत होते की ते गुपित माझ्या एकट्याजवळ आहे. "तिला सांगितलंत कधी?"

"छे! रोज म्हणायची, मोटार विका, मोटार विका. आणि त्या दिवशी... इतकं सांभाळून तिनं लपवलं होतं. ते मी तिच्याकडून काढून घेऊ?"

ओसरीच्या कौलांतून एक थेंब त्यांच्या खांद्यावर पडला. माझा हात खिशातल्या खडूकडे गेला. मास्तराच्या खिशात तो असतोच. पण आतोबांनी वर पाहिले नाही, की जागाही बदलली नाही.