दाढेची तराई

माझ्या दवाखान्याचे पहिले पेशंट माझे वडील होते, कारण दुसरं कुणी आलंच नव्हतं.

जालन्यात पाटी लावून आठवडा झाला होता. दादा केदारखेड्याहून आले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "माही दाढ भर. लोकायला कळू दे." दातावरचं कवच शरीरात सगळ्यात कठीण, त्याखालचा थर मऊ, कीड तिथं पोचली की पसरते, हे मी त्यांना दहा मिनिटं ऐकवलं. (तोंडात माझी बोटं होती, त्यामुळे त्यांनी हरकत घेतली नाही.) मग पावडर पाण्यात कालवून खड्डा बुजवला आणि ऐटीत सांगितलं, "सिमेंट भरलंय, दादा. तासभर काही खाऊ-पिऊ नका."

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. "तुहे दादा बोलूनच न्हाई राह्यले. कायबी इचारलं की नुसतं हूं. काल शेजाऱ्यानं बैलजोडी मागितली, तर हूं म्हणले. बैल गेले."

जबडा धरला की काय? एखादी नस दुखावली? मिळेल त्या गाडीनं गाव गाठलं. दादा ओट्यावर गाल फुगवून बसले होते, शेजारी तांब्या.

"दादा, तोंड उघडा."

त्यांनी हातानं थांबवलं, अंगणात चूळ टाकली. "तराई चालू हाय. हौदाच्या सिमेंटला सात दिवस पाणी मारलं, एक चीर न्हाई पडली. तुह्या दाढेचे अजून तीन दिवस ऱ्हायले."

"आणि दुपारी झोपता तेव्हा?"

"ओला कापूस लावतो. स्लॅबवर बारदाना टाकतेत तसा."

मी आत बघितलं. दाढ रिकामी होती. हसू दाबत सांगितलं, तर त्यांचा चेहरा पार उतरला.

"तुह्या हातचं पहिलं काम व्हतं, माय. कच्चं ऱ्हायलं तर लोक तुला नावं ठेवतील, म्हणून एवढं केलं."

माझं हसू तिथंच संपलं. मी त्यांचा हात धरून बसले.

पुढे दादांनी गावभर सांगितलं, "पोरीनं बराबर भरलं व्हतं, म्याच पाणी जास्त मारलं." त्यावर विश्वास ठेवून अर्धं गाव माझ्याकडं येऊ लागलं. तासाभरात घट्ट झालेलं सिमेंट चुळा भरून निघत नाही, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी पाणी जास्त झालं होतं हे खरं, पण ते कालवताना, माझ्याच हातून.