पाचवी फाइल

ऑफिसात त्यांना सगळे चिकटराव म्हणत. पैशाच्या बाबतीत नव्हे, तिथे माणूस सढळ होता. पण एखाद्या बगला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीला, चिकटले की गोचिडासारखे चिकटत. तो सुटेपर्यंत दाढी नाही, जेवणाची शुद्ध नाही. काम कर्नलचं, म्हणजे संगणकाच्या पोटात बसून सगळ्या प्रोग्रॅमांची कामं मार्गी लावणाऱ्या कारभाऱ्याचं. त्यातही फाइल डिस्कवर उतरवणारा भाग त्यांच्याकडे, तेवीस वर्षं. चारचौघांत मिरवण्यासारखं हे काम नाही. नीट चाललं तर कुणाला पत्ता नसतो आणि बिघडलं तर शिव्या ठरलेल्या.

या धंद्यात एक रीत आहे. आपण केलेला नवा कर्नल आधी आपल्याच घरच्या मशीनवर चालवायचा. लोकांच्या गळ्यात मारण्याआधी आपण भोगून बघायचं, असा त्यामागचा बाणा. चिकटरावांना या रीतीचा भारी अभिमान होता आणि नेमकी तीच त्यांच्या अंगाशी आली.

त्यांची बायको शाळेत शिकवायची. आवाज असा खणखणीत, की तिसऱ्या मजल्यावरून तिने भाजीवाल्याला हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतलाही थांबायचा. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. मग ऑपरेशनआधीचे पाच दिवस, रोज दुपारी, ती दार लावून घरच्या मशीनसमोर बसली आणि बोलली. पाच दिवसांच्या पाच फाइली.

"मी मुकी झाल्यावर ऐका," तिने नवऱ्याला नि लेकीला बजावलं. "आत्ता ऐकलंत तर रडाल, आणि वर मलाच तुमची समजूत काढत बसावं लागेल."

चिकटरावांनी शब्द पाळला. फाइली ऐकल्या नाहीत, नुसते आकार बघितले. आकार मापात होते. तीन वेगळ्या जागी त्यांच्या नकला करून ठेवल्या आणि निर्धास्त झाले.

ऑपरेशन झालं, ती घरी आली. तिसऱ्या आठवड्यात तिघं ऐकायला बसले. पहिल्या चार फाइलींत लेकीचं बालपण होतं, आजोबांच्या खोड्या होत्या, अजून न बघितलेल्या जावयाला आधीच भरलेला दम होता. लेक एकीकडे हसत होती, एकीकडे डोळे पुसत होती. पाचवी लावली तर काहीच नाही. पन्नास मिनिटांची फाइल आणि आत पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. तिन्ही नकलांतही तीच शून्यं, इमानेइतबारे उतरलेली.

डिस्कची वायर सैल होती, हे तासाभरात कळलं. पण तेवढ्याने चिकटरावांचं समाधान होईना. वायर सैल असली तर कर्नलने तसं सांगायला हवं होतं, की बाबा, हे काही डिस्कवर गेलं नाही. रेकॉर्डिंगच्या नोंदीत मात्र 'सगळं ठीक'. म्हणजे कारभारी खोटं बोलला होता. चिकटराव त्याच्या मागे लागले. बग सापडला म्हणून तिचा आवाज परत येणार नाही, हे त्यांच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? तरी वेडी आशा होतीच, की शोधता शोधता कुठल्या तरी कोपऱ्यात तिचं बोलणं पडलेलं मिळेल.

ऑफिसात त्यांनी मुद्दाम एक खोटी डिस्क बनवली, दर शंभराव्या वेळी नकार देणारी. मग कर्नलला पावलोपावली बोलतं केलं. तो काय करतोय ते छापायला लावलं की चूक गायब, छपाई काढली की हजर. दिवसांमागून दिवस हाच खेळ.

"चिकटराव, रजा घ्या," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. "वहिनींजवळ बसा जरा."

"बसतो ना. एवढं झालं की बसतो."

एकोणीस दिवस ते 'एवढं' काही झालं नाही.

विसाव्या दिवशी दुपारी सापडलं. प्रोग्रॅमने 'लिही' म्हटलं की कर्नल लगेच 'हो' म्हणतो. खरं तर मजकूर हाताशी ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. उतरला नाही, तर त्या फाइलीवर चुकीची खूण करून ठेवतो. पुढे कुणी 'उतरलं का?' विचारलं, की खरं ते सांगतो आणि खूण पुसून टाकतो. एकदाच सांगतो. कर्नलच्याच आत झाडलोट करणारा एक तुकडा होता. तो मधेच हेच विचारायचा, उत्तराकडे कानाडोळा करायचा आणि पुढे जायचा. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम विचारायला येईपर्यंत खूण पुसलेली असायची.

हे शहाणपण कुणाचं, म्हणून त्यांनी त्या ओळीचा इतिहास उघडला. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. शेरा: 'किरकोळ साफसफाई'. नाव त्यांचं स्वतःचं.

 चिकटरावांनी चार ओळींची दुरुस्ती केली, तपासायला पाठवली आणि दिवसाउजेडी घरी गेले.

बायको स्वयंपाकघरात मटार सोलत होती. शेजारी पाटी आणि खडू.

"सापडलं," ते म्हणाले. "माझीच चूक होती. अकरा वर्षांपूर्वीची."

कॉलेजपासून ती त्यांना अरेतुरेच करायची. खडू उचलून तिने लिहिलं, 'आता तरी दाढी कर.'

त्यांना हसूही आलं आणि रडूही. "पाचव्या फाइलीत काय होतं गं?"

'तुझ्यासाठी होतं.'

"मग लिहून दे ना. कितीही लांब असू दे. वही आणून देतो."

ती खडू बोटांत फिरवत राहिली. मग पाटी पुसून बारीक अक्षरात लिहू लागली. 'ते लिहायचं नव्हतं, बोलायचं होतं. त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तुला समोर बसून सांगितलं होतं. तू स्क्रीनकडे बघत हं म्हणालास. म्हणून तर दुपारी रेकॉर्ड केलं.'

चिकटराव खाली टेकले. त्यांना तो चहा आठवला. स्क्रीनवर काय चाललं होतं तेही आठवलं. नवा कर्नल तयार होत होता. आपलं 'हं' तर अगदी स्पष्ट आठवलं. तिचा एक शब्द काही केल्या आठवेना.