तुळशीभाऊंचे बूट

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही – शेवटच्या आजारात ती रोज म्हणायची, तुमच्या मनात काहीतरी आहे, तरी नाही. मुलांजवळ तर नाहीच. देवापुढे हात जोडायचो, डोळे मिटायचो, आणि भलतंच काहीतरी मागून परत यायचो. तुम्हाला सांगतोय ते का, मलाही नीट कळत नाही. तुम्ही मध्ये काही विचारणार नाही, म्हणून असेल.

परवा नात टीव्हीवर फुटबॉल बघत होती. "आजोबा, इसकी उमर देखो ना! चाळीसचा होत आला, तरी सगळ्यात भारी हाच." मी बघितलं. तो माणूस फार पळतही नव्हता. चालत होता, मध्येच उभा राहत होता, आणि बॉल बरोबर तिथेच येत होता. बाकीच्यांच्या आधी त्याला सगळं कळत होतं. मी उठून आत गेलो. नातीला वाटलं, म्हाताऱ्याला खेळातलं काही समजत नाही.

असा खेळ मी समोरून बघितलाय. याच बऱ्हाणपुरात. अनवाणी पायांनी खेळलेला.

तुळशीराम त्यांचं नाव. आम्ही तुळशीभाऊ म्हणायचो. कापड गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, कामाला होते, शनवाऱ्याच्या दरवाज्याजवळच्या गल्लीत घर. चाळिशी उलटून गेलेली. कानशिलं पांढरी, अंगाला कपाशीच्या तंतूंचा वास, आणि पाय – पाय कसे सांगू? रुंद, पसरलेले, अंगठा बाकीच्या बोटांपासून फाकलेला. जन्मात चप्पल क्वचित घातलेली. त्या पायाला बॉल चिकटायचा. आमच्या क्लबाचे ते सेंटर फॉरवर्ड होते, मी शाळेत जायच्या आधीपासून. आणि मी तेवीस वर्षांचा होऊन, नागपूरच्या कॉलेजातून खेळून परत आलो, तेव्हाही तेच होते.

माझी जागा कुठली? तीच. मीही सेंटर फॉरवर्ड. क्लबात मला बाजूला, उजवीकडे खेळवायचे. "वसंता, तुही बारी येईन," असं तुळशीभाऊ म्हणायचे. मनापासून म्हणायचे. त्यांच्या पाच-सहा पासवर मी गोल केले असतील, आणि प्रत्येक वेळी माझ्याआधी तेच हात वर करून नाचले असतील. अशा माणसाचा राग कसा करायचा? मला तो करता आला. सांगून ठेवतो.

राज्यांची फेररचना झाली तेव्हाची ही गोष्ट. संस्थानं आधीच विलीन झाली होती, आता प्रांतही मोडून नव्यानं जोडले गेले. नागपूर गेलं तिकडे, आम्ही राहिलो इकडे. घरात मराठी बोलणारे आम्ही एकदम भोपाळकडे तोंड करून बसलो. वडील शाळामास्तर, त्यांना रात्रंदिवस एकच काळजी, आता मराठी शाळेचं काय होणार. मला काळजी नव्हती. मला एवढंच कळलं होतं की नव्या राज्याचा नवा फुटबॉल संघ होणार आहे. खंडव्याला चाचणी होती. आमच्या क्लबातून दोघांना बोलावणं आलं – तुळशीभाऊ आणि मी. निरोपासोबत एक अटही आली. बूट घालूनच खेळायचं.

त्या संध्याकाळी तुळशीभाऊ आमच्या घरी आले. ओट्यावर बसले, आईनं दिलेला चहा बशीत ओतून प्यायले, इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. मग आई आत गेल्यावर हळूच म्हणाले, "वसंता, तू नागपूरले बूट घालून खेळला ना? मले शिकोशीन का? पण कोनाले सांगू नको भाऊ. हासतीन लोक."

मी हो म्हटलं. आणि तेव्हा ते खरंच मनापासून म्हटलं होतं, यावर तुम्ही विश्वास ठेवाल का? न ठेवलात तरी चालेल.

बूट आणायला मी भुसावळला जाणार होतो. रेल्वेचं गाव, साहेबलोक खेळायचे, तिथे चांगले मिळायचे. तुळशीभाऊंनी पावलाचं माप म्हणून गिरणीतल्या सुताचा एक तुकडा दिला, दोन्ही टोकांना गाठ मारलेला. दुकानदारानं तो बुटात घालून पाहिला आणि एक जोडी पुढे ठेवली. बरोबर होती. आत थोडी जागा सुटत होती, रुंद पावलाला ती हवीच होती. मी ती हातात घेतली. आणि मी म्हणालो –

इथे मी नेहमी थांबतो. मनातल्या मनातही.

मी म्हणालो, एक नंबर लहान दाखवा.

काही ठरवून गेलो नव्हतो. गाडीत असं काही मनात नव्हतं. की होतं? इतक्या वर्षांनी मला सांगता येत नाही. दुकानदार म्हणाला, हे घट्ट होतील. मी म्हणालो, खेळणाऱ्याला घट्टच लागतात. त्यानं खांदे उडवले आणि बांधून दिले. परतीच्या गाडीत ते पुडकं मी मांडीवर घेऊन बसलो होतो. बदलायला परत जाता आलं असतं. दुकान स्टेशनापासून लांब नव्हतं, गाडी सुटायला वेळ होता. मी खिडकीतून केळीच्या बागा बघत आलो.

तापीच्या काठाला, घाटाच्या बरंच पलीकडे, एक सपाट जागा होती. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी आम्ही तिथे जायचो. पहिल्या दिवशी बूट चढवायलाच त्यांना किती वेळ लागला. उभे राहिले आणि हसले. "अरे, हे तं पायाले फासीच दिली!" मी म्हणालो, "नवे बूट असेच असतात भाऊ. कातडं सैल पडतं. पाय रुळतो."

आठवडाभरात ते लंगडायला लागले. टाचेला, करंगळीला, अंगठ्याच्या कडेला फोड. फुटलेले, परत आलेले. घरी वहिनी हळद आणि तेल लावून चिंध्या बांधून द्यायच्या. एकदा तुळशीभाऊंनी मला विचारलं, "तुह्या पायालेबी असंच झालं होतं काय?"

"हो," मी म्हणालो. "सगळ्यांना होतं."

माझ्या पायाला कधीच काही झालं नव्हतं. माझे बूट मापाचे होते.

आता खरी गंमत ऐका – गंमत म्हणतोय, दुसरा शब्द सापडत नाही. त्या बुटांतही तो माणूस शिकला. आधी बॉल भलतीकडे जायचा, मग जायचा थांबला. पायाला जे कळत नव्हतं ते त्यांनी अंगानं, डोळ्यांनी भरून काढलं. धावणं कमी केलं, उभं राहणं वाढवलं. मी बघत होतो. रोज पहाटे मला दिसत होतं की हा माणूस या बुटांतही माझ्या पुढे आहे आणि राहणार आहे. आणि मी काय करत होतो? बॉल आणून देत होतो. शाबास म्हणत होतो. एकदा तर त्यांच्या नाड्या मीच बांधल्या, खाली वाकवत नव्हतं म्हणून. घट्ट बांधल्या.

तेव्हा बोलायला हवं होतं ना? कळत होतं मला. पण काय बोलणार? "भाऊ, मी मुद्दाम लहान बूट आणले"? रोज वाटायचं, आज सांगू. रोज बॉल काखेत मारून घरी यायचो. दिवस पुढे गेला की ते आणखी कठीण व्हायचं. स्वतःच घातलेली गाठ, आणि ती स्वतःलाच सुटेना.

खंडव्याला ते खेळले. दोन गोल केले. मैदानावरचे लोक विचारायला लागले, हा म्हातारा कोण? निवडणाऱ्यांपैकी एकजण इंदूरचे वयस्क गृहस्थ होते, ते खुर्चीवरून उठून उभे राहिले, एवढं मला आठवतं. मी दुसऱ्या बाजूनं खेळत होतो. बरा खेळलो. संध्याकाळी नावं वाचली – तुळशीराम संघात, मी राखीव.

गाडीत त्यांनी बूट काढले. मोजे निघेनात, रक्तानं चिकटले होते. मी सुरईतलं पाणी ओतत होतो, ते एकेक धागा सोडवत होते. डब्यातली माणसं बघत होती. आणि ते हसत होते हो! इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "वसंता, तुह्यामुळं झालं रे. तू नसतं शिकोलं तं मी कशाचा!" त्यांनी माझा हात धरला. ओला होता, पाण्यानं का रक्तानं, मी बघितलं नाही.

चार दिवसांनी पाय सुजला. मग ताप. अंगठ्याजवळची जखम काळी पडली. वहिनींनी पोटिसं बांधली, एका वैद्याला आणलं, आणि शेवटी दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की रक्तात साखर आहे. आधी कुणाला माहीत नव्हतं. अंगठा कापला, शेजारचं बोट कापलं.

साखर. कितीतरी वर्षं मी या एका शब्दावर झोपलो. जखम बुटांची, पण नासली ती साखरेनं. मला काय माहीत होतं? मापाच्या बुटांनीही फोड आलाच असता. असेल. पण माप मी बदललं होतं.

त्यांच्या जागी संघात मी गेलो. ग्वाल्हेरला सामना होता. मी खेळलो, मला बॉल फारसा मिळाला नाही, मिळाला तेव्हा काही करता आलं नाही. आम्ही हरलो. पुन्हा मला कुणी बोलावलं नाही. स्टेशनावर क्लबाची पोरं हार घेऊन आली होती. गावातून पहिलाच मुलगा राज्याकडून खेळलेला. तो हार गळ्यात घेऊन मी घरी गेलो.

इथपर्यंत तुम्हाला वाटलं असेल की हेच ते. मलाही पुष्कळ दिवस असंच वाटायचं, बूट हाच माझा गुन्हा. नाही. बुटांचं मत्सरापोटी घडलं. मत्सराला निदान काही कारण तरी असतं. पुढचं सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्यांना भेटायला गेलो. ओसरीवर बसले होते, पायाला पांढरं फडकं. त्यांनी सामन्याची सगळी हकीकत विचारून घेतली. गोलकीपर कसा होता, मैदान कसं होतं, माझ्या मागे कोण होता. माझी चूक कुठे झाली हेही सामना न बघता त्यांनी बरोबर सांगितलं. वहिनी आत ज्वारी पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला तसे ते म्हणाले,

"वसंता, एक सांग. सारे म्हनतेत, बुटानं झालं, साखरनं झालं. बूट तं तूबी घातले, तुले काही झालं नाही. माह्यं वय झालं व्हतं ना? मलेच समजलं नाही. खरं सांग."

ते माझ्याकडे बघत होते. मला आठवतंय, त्या नजरेत भीती होती. मैदानावर कधी न दिसलेली. नाही म्हणायला एवढंसं तोंड उघडायचं होतं. सगळं सांगायचीही गरज नव्हती. "नाही भाऊ, तुम्ही आम्हा सगळ्यांत चांगले होतात," एवढं म्हटलं असतं तरी – आणि ते खरंच होतं! पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार. मग पायाला झालं काय? मग बूट. मग भुसावळ.

"हो भाऊ," मी म्हणालो. "वय झालं होतं."

त्यांनी मान हलवली. दोनदा. "हाव," म्हणाले. "बरं केलं सांगतलं."

पाय गेला नव्हता त्यांचा. दोन बोटं गेली होती. पुढे ते काठी न घेता चालायचे, गिरणीत परत कामाला लागले. पण मैदानावर ते पुन्हा कधी आले नाहीत. बघायलासुद्धा नाही. घरून गिरणीकडे जायची वाट मैदानाला लागून होती. ती सोडून ते बाजारातून वळसा घेऊन जायचे. आणि एक वेगळंच सुरू झालं. क्लबातल्या कुणाचं तिशी-पस्तिशीत पाऊल मुरगळलं की हे त्याच्या घरी जाऊन सांगायचे, बाबा, पाय सांगतो तेव्हा थांब, माझ्यासारखं हसं करून घेऊ नको. त्यांचं कोण ऐकणार नाही? आमचा हाफ-बॅक, चांगला दमाचा गडी, पस्तिशीत खेळ सोडून बसला. मी तिथेच होतो. तुळशीभाऊंना त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावताना मी बघितलं, आणि बोललो नाही.

मी पुढे नगरपालिकेत नोकरीला लागलो. क्लबाचा सेक्रेटरी झालो, पुढे अध्यक्ष. दर सणाला तुळशीभाऊंच्या घरी जायचो. आजारपणात औषधं आणून दिली. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न जुळवलं. लोक म्हणायचे, सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतो. मला ते ऐकून बरं वाटायचं. हेही सांगून टाकतो – बरं वाटायचं.

ते गेले तेव्हा सत्तरीत होते. मी खांदा दिला. तेराव्यानंतर एक दिवस वहिनींना भेटायला गेलो. घरात त्या एकट्याच होत्या. चहा ठेवला, समोर येऊन बसल्या. पदरानं डोळे पुसले नाहीत, रडून झालं होतं सगळं. म्हणाल्या, "ते तुमची लय याद काढत. म्हनत, माह्यं मन राखाले सारे गोड गोड बोलले. खरं बोलनारा एकटा वसंता निंघला."

कपबशी माझ्या हातात होती. मी मान हलवली.

चहा सगळा प्यायलो. त्यांनी अजून घ्या म्हटलं, तेव्हा अजून अर्धा घेतला. मग त्यांच्या पाया पडून घरी आलो.