तांदळाच्या पिंपातला प्लेअर

मंडळी, आज दुपारी आमचा डीव्हीडी प्लेअर गेला. दिवेआगरच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, तिथे त्याचं काय! म्हणून मी एक जुना प्लेअर जादा ठेवतेच. दमट होऊ नये म्हणून तांदळाच्या पिंपात, साडीत गुंडाळून.

तो काढून जोडला, तर ट्रेबरोबर तांदळाचे दाणे बाहेर आले. आई हसली. "पोट भरलंय त्याचं, आता चालेल."

ताईच्या लग्नाची सीडी लावली. आई नवरीकडे बघतच नव्हती. मग कॅमेरा माणसं सोडून मांडवामागे वळला, आणि वादळाने आडवी होण्याआधीची आमची वाडी पडद्यावर उभी राहिली. पोफळी संथ डोलत होत्या आणि आई हळूच म्हणत होती, "ती विहिरीजवळची. ती तुझ्या बाबांनी लावलेली."

भाऊ म्हणतो, "लग्न मोबाइलमध्ये घेतलंय ना, मग हे डबडं कशाला?"

घेतलंय. पण कॉपी करणाऱ्याने माणसं नसलेले शॉट उगाचचे म्हणून कापून टाकले. मोबाइलमध्ये लग्न आहे. वाडी फक्त या सीडीत आहे, आणि आता घरात हा एकच प्लेअर उरलाय.

कुणाच्या माळ्यावर चालू प्लेअर पडून आहे का? आमच्या पिंपात एक जागा रिकामी झालीय.