हू म्हणायला लावणाऱ्या आजी

"झोपलास का रं? हू तरी म्हन." लाईट गेली की कुरुळीतल्या आमच्या घरमालकीण आजी काठीने दारं बडवत निघायच्या. आतून हू आल्याशिवाय दार सोडायच्या नाहीत.

खोल्या पत्र्याच्या, एका रांगेत. भाडेकरू आम्ही सगळे कंपनीतले, रात्रपाळी करून दिवसा झोपणारे. उन्हाळ्यात गावभर कूलर सुरू झाले की डीपी उडायची, पंखे थांबायचे आणि खोलीची भट्टी व्हायची. दमलेल्या माणसाची झोपेतच शुद्ध हरपते, कळतसुद्धा नाही, असं आजींचं म्हणणं. आम्हाला मात्र वैताग. नुकता डोळा लागलाय आणि कुणी दार बडवतंय, तर तुम्ही काय त्यांची आरती ओवाळली असती?

शेजारच्या खोलीतला लातूरकडचा गडी भलताच डोकेबाज. बाहेरून कुलूप लावायचा, चपला हातात घेऊन मागच्या खिडकीतून आत शिरायचा आणि खुशाल झोपायचा. कुलूप बघून आजी पुढे जायच्या. ही युक्ती आम्हालाही नंतरच कळली.

एका दुपारी डीपी उडाली. तो गडी ओव्हरटाइम करून उशिरा आला होता. आम्ही हू म्हणून ओट्यावर सावलीला बसलो. आजी त्याच्या दाराशी आल्या, कुलूप पाहिलं, आणि दोरीवरच्या त्याच्या युनिफॉर्मला हात लावून थांबल्या.

"कापडं वली हायेत. मंग मानूस कुठं गेला?"

दुकानात गेला असेल आजी, आम्ही म्हणालो. त्यांनी खाली वाकून दगड उचलला आणि माझ्या हातात दिला.

कुलूप तुटलं. आत तो पडलेला, अंग कोरडं आणि चटका बसेल इतकं तापलेलं, तोंडाने काहीबाही बरळत होता. आजींनी म्हशींच्या हौदाकडे बोट दाखवलं. आम्ही त्याला उचलून पाण्यात धरलं. आजी त्याचं डोकं हातात घेऊन एकच म्हणत होत्या, "हू म्हन लेकरा."

बऱ्याच वेळाने तो बारीक आवाजात हू म्हणाला. खरं सांगतो, मला रडूच फुटलं. तिथून त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले.

तो परतला तेव्हा आजींनी त्याला ओट्यावर उभा करून यथेच्छ झाडला. मग तोंडाला पदर लावून आत गेल्या.

यंदा गुडघे धरले म्हणून मुलाने त्यांना निगडीच्या फ्लॅटवर नेलं. तिथे लिफ्ट आहे, इन्व्हर्टर आहे. बरं झालं, सुटल्या उन्हातून.

परवा डीपी उडाली. मी घामाने जागा झालो आणि उगाच वाट बघत पडून राहिलो. तेवढ्यात दारावर काठी वाजली. आजींचीच काठी, जाताना त्या देऊन गेलेली. आवाज लातूरच्या गड्याचा.

"झोपलास का रं? हू तरी म्हन."

मी हू म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.